दाराला टांगलेलं घमेलं

माझा आवाज मोठा आहे. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. बायको म्हणते, तुम्हाला मोबाईल कशाला लागतो, अंगणात उभं राहून बोला, नायगावला तुमच्या भावाला ऐकू जाईल. मी मूळचा तिकडचाच, नायगाव तालुक्यातला. लातूरला एका डाळमिलच्या गोदामावर सुपरवायझर म्हणून आलो, तेव्हा गोदाम आवाजाच्या जोरावरच चालवायचं असतं अशी माझी पक्की समजूत होती. ट्रक आला की ओरडायचं, थप्पी वाकडी लागली की ओरडायचं, हमालांना चहाला दोन मिनिटं जास्त लागली की ओरडायचं. कुणी काही सांगायला जवळ आलं की पहिलं वाक्य माझंच, "काहून? काय झालं आता?" लातूरचे लोक त्या 'काहून'ला हसायचे. माझी पाठ वळली की हमाल हुबेहूब माझी नक्कल करायचे म्हणे, पण हे मला फार उशिरा कळलं.

गोदामात तूर, हरभरा, सोयाबीन. पोत्यावर पोतं रचून माणसाच्या तिप्पट उंच थप्प्या लावलेल्या, आणि दोन थप्प्यांच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. नीट लागली तर थप्पी वर्ष वर्ष हलत नाही. पण खालच्या थरातलं एखादं पोतं फाटलं आणि त्यातून धान्य गळायला लागलं, की ते पोतं हळूहळू बसतं आणि वरचा सगळा डोलारा त्या बाजूला झुकतो. आमच्या धंद्यात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक असूनही आम्ही त्या थप्प्यांना टेकून डबे खायचो, बोला आता!

हमालांच्या टोळीचे मुकादम होते आप्पा. देवणीकडच्या खेड्यातले, साठी उलटलेले, तरी पाठीवर पोतं घेतलं तर तरण्यांना लाजवतील असे. त्यांच्याकडे एकेकाळी देवणी बैलांची जोडी होती. तिचं कौतुक आम्ही रोज ऐकायचो. एखादा हमाल चुकला की आप्पा म्हणायचे, "आमच्या बैलाला येकदा सांगितलं की कळायचं रे, तुला चारदा सांगावं लागतंय!" माझ्यावर न चिडता बोलणारा त्या गोदामात तो एकच माणूस.

आप्पांची सून आमच्याकडे झाडायला आणि पोती शिवायला आली. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सासरा आणि सून दोघंच लातूरला खोली करून राहायची. सकाळी आप्पा पुढे आणि ती दहा पावलं मागे, डोक्यावर पदर, अशी दोघं फाटकातून आत यायची. सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही हा त्यांच्या घरचा रिवाज, आणि ती तो गोदामातही पाळायची. आप्पा एका ओळीत असले की ती झाडू घेऊन दुसऱ्या ओळीत. समोरासमोर आलेच तर भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. आप्पांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या आईनं, बायकोनं तेच केलं होतं. मला तर ते बरंच वाटायचं. न बोलणारी माणसं म्हणजे तेवढीच कटकट कमी.

एकदा दुपारी मी फोनवर एका ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडत होतो. ती येऊन समोर उभी राहिली. मूठ पुढे केली, उघडली. मुठीत तुरीचे दाणे होते. मी फोन कानाला तसाच ठेवून म्हणालो, "तुझं काम काय हाय? झाडायचं ना? मग झाड." ती गेली. एवढंच झालं. संध्याकाळपर्यंत मी ते विसरूनही गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अकराच्या सुमाराला, आप्पा मधल्या थप्पीला पाठ लावून तंबाखू मळत बसले होते. मी दारात होतो. आधी एक घसरल्यासारखा आवाज आला, मग धाडकन सगळं गोदाम हाललं. धुरळा एवढा उठला की हात पुढे केला तर हात दिसेना. मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो तेवढा घाबरलो. पोती उपसून आम्ही आप्पांना बाहेर काढलं. जीव वाचला होता, पण डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. शुद्ध होती त्यांना. मलाच म्हणत होते, "घाबरू नका साहेब, घाबरू नका."

दवाखान्याच्या व्हरांड्यात मला खरी गोष्ट कळली. आमच्याकडे पोती शिवणारी एक वयस्क बाई होती, सगळे तिला मावशी म्हणायचे. ती म्हणाली, सुनेनं थप्पी झुकलेली आधीच पाहिली होती. आप्पा खाली बसलेले. हिला बोलता येईना. हिनं बांगड्या वाजवल्या, झाडू जमिनीवर आपटला, खाकरली. आप्पा तंबाखूच्या नादात. मग ती मावशीला बोलवायला बाहेर नळावर पळाली. दोघी परत आल्या तोवर खेळ खलास झाला होता.

माझं डोकं फिरलं. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्यावर मी दवाखान्यात, सगळ्यांसमोर ओरडलो, "मूग गिळून बसली होतीस व्हय? तोंड कशाला दिलंय देवानं?"

मावशी मध्ये आली. पदर खोचून माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काल ती आली होती की तुमच्याकडं. मूठभर तूर घेऊन. उंदरानं खालचं पोतं फोडलंय, हे दाखवायला. तुमी काय म्हणलात? झाड म्हणलात."

माझा आवाज तिथंच बसला. खरं सांगतो, मला तेव्हा लाज वाटली, आणि आजही तो व्हरांडा आठवला की वाटते.

पण दोष कुणाच्या माथी गेला? माझ्या नाही. खोलीच्या आजूबाजूच्या बायका म्हणायला लागल्या, सुनेनं सासऱ्याचा पाय घालवला. नवऱ्यानं फोनवर सांगितलं, काम सोड, गावाकडं जा. मावशी सांगायची की ती आप्पांना दवाखान्यात दोन वेळा डबा नेते, पण स्वतः धड जेवत नाही. नुसती म्हणते, "माझ्या डोळ्यादेखत झालं मावशी, आन् मला तोंड उघडता आलं न्हाई." तिला गावाकडं जायचं नव्हतं. पण पुन्हा असं काही डोळ्यांसमोर आलं तर आपण पुन्हा मुकीच राहू, या धास्तीनं तिला गोदामातही पाय ठेववेना.

मिलचे मालक फार कमी बोलणारे. कपाळाला इभूत लावून सकाळी गादीवर बसले की संध्याकाळी उठतात. त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. ते एवढंच म्हणाले, "ती बाई तुमच्याकडं येऊन गेली होती म्हणे. परत आली तर ऐकून घ्या." आणि पाणी पुढे केलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी कामाला लागलो. थप्प्यांखाली लाकडी फळ्या टाकल्या, म्हणजे खालचं पोतं फाटलं तर दिसावं. उंची कमी केली. एक थर आडवा, एक उभा, असं बांधून रचायला लावलं. चालायच्या वाटेवर चुन्याचे पट्टे ओढले आणि त्या पट्ट्यांत बसायला सक्त बंदी केली. हे सगळं आधीच करता येत होतं, कुणी माझा हात धरला नव्हता. राहिला प्रश्न बोलण्याचा. खेळाच्या दुकानातून मी एक चांगली शिट्टी आणली. मोठ्या ऐटीत मावशीच्या हाती दिली आणि म्हणालो, सुनेला निरोप दे, परत ये, आणि काही दिसलं की ही फुंक, बोलायची गरजच नाही.

मावशी शिट्टी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "साहेब, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? बाईमाणसानं शिट्टी मारायची? ते बी सासऱ्याम्होरं? त्यापरीस बोललेलं काय वाईट!"

हमाल पोट धरून हसले. मीही हसलो, काय करता! पण दुसऱ्याच दिवशी सून स्वतः आली. आप्पा तेव्हा दवाखान्यातच होते, म्हणून ती माझ्याशी बोलली तरी. हळू आवाजात, जमिनीकडे बघत म्हणाली, "घरी आप्पांना जेवायला उठवायचं असलं तर मी दाराची कडी वाजवते. त्यात कुणाला वाईट वाटत न्हाई." आणि तिनं कोपऱ्यातल्या घमेल्याकडे बोट केलं.

घमेलं दाराला टांगलं. बाजूला हातभर लोखंडी सळई, तारेला बांधून. नियम केला: घमेलं वाजलं की जो जिथं असेल त्यानं हातातलं खाली ठेवायचं आणि थप्प्यांपासून लांब, दारासमोरच्या चुन्याच्या पट्ट्यावर येऊन उभं राहायचं. कुणी वाजवलं, का वाजवलं, हे नंतर विचारायचं. आणि वाजवणाऱ्यावर ओरडायचं नाही. हा शेवटचा नियम माझ्या एकट्यासाठी होता हे सगळ्यांना कळत होतं.

सुरुवातीला लोकांनी त्याची पार चेष्टा करून टाकली. मांजर शिरलं, वाजव. विंचू दिसला, वाजव. एकानं तर चप्पल सापडेना म्हणून वाजवलं. घमेलं वाजलं की कुणीतरी म्हणायचं, "चला, वरात आली!" माझ्या जिभेवर काय काय यायचं ते इथं लिहिता येणार नाही. पण मी दात आवळून गप्प बसायचो. घरी बायकोला वाटलं मला काहीतरी झालंय. म्हणाली, डॉक्टरला दाखवू का?

चेष्टेचे दिवस सरले आणि मग मात्र गंमत झाली. लोक सांगायला लागले. आधी घमेल्यानं, मग तोंडानं. ह्या वाटेत ट्रॉली अडकते, ती सरकवा. हा दिवा गेलाय. ह्या शिवणीचा दोरा कच्चा येतोय. एवढी वर्षं ही माणसं हे सगळं बघत होती आणि मला कुणी सांगत नव्हतं! फाटकी पोती कमी झाली, सांडलेलं धान्य कमी झालं, ट्रक लवकर भरून निघायला लागले. मला वाटायचं थांबलं की काम मागे पडतं. तसं काही झालं नाही. मालकांनी विचारलं, काय केलंत? मी म्हणालो, काही नाही मालक, गप्प बसलो.

उन्हाळा, पावसाळा गेला. आप्पा परत आले. पायात रॉड, हातात काठी. ओझं उचलायचं बंद. मी त्यांना दाराशी खुर्ची टाकून दिली, ट्रक लावून घ्यायचं काम दिलं. सून आत झाडायची, शिवायची. आप्पा आले तशी ती पुन्हा मुकी झाली. घमेलं वाजवायची तेही आप्पांकडे पाठ करून. त्या पायाबद्दल दोघांत एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. मावशी म्हणायची, आप्पांच्या मनात काय आहे ते तिला कळत नाही, आणि ती विचारू शकत नाही. आप्पा तिला दोषी धरतात का, हे एकच तिला जाणून घ्यायचं होतं. रोज त्यांच्यासमोर ताट ठेवायची आणि ते न विचारता मागे फिरायची.

तुरीचा हंगाम आला. त्या दिवशी फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रकची रांग, प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न दाबून बसलेला. माझा जुना पारा चढला. आमच्या गोदामासमोर सिमेंटचा ओटा आहे, कंबरेएवढा. ट्रक मागे घेऊन त्याला लावायचा, चाकाखाली लाकडी ठोकळा द्यायचा, मग माल चढवायचा. तिथं जमीन ओट्याकडे थोडी उतरती आहे. एक ट्रक ओट्यापासून दोन-तीन हात अंतरावर उभा राहिला. ड्रायव्हर उतरून चहाला गेला. आप्पा म्हणाले, "ठोकळा द्या रे." मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या आप्पा, आत्ता येईल तो, गाडी परत हलवायचीच हाय." हे मी म्हणालो, ज्यानं सगळे नियम केले त्यानं. त्यातच एक पोतं ओट्यावरून खाली पडलेलं दिसलं, ते बघायला मी ट्रक आणि ओटा यांच्या मधल्या जागेत उतरलो.

घमेलं वाजलं.

हमालांनी हातातलं खाली ठेवलं आणि सगळे पट्ट्यावर जाऊन उभे राहिले. मी खाली वाकलेला. तिथूनच ओरडलो, "काहून वाजवून राहिले आता? रांग दिसत न्हाई का? काम चालू ठेवा!"

कुणी हललं नाही. घमेलं पुन्हा वाजलं, दणादणा वाजलं. मी सरळ झालो, ओट्याला कंबर टेकवली आणि आत तोंड करून सगळ्यांची कानउघाडणी सुरू केली. ट्रककडे माझी पाठ होती.

आणि मग आवाज आला. बाईचा, किनरा, थरथरता. "साहेब, गाडी! वर या! गाडी मागं येतीय!"

सून घमेल्यापाशी, आणि आप्पा तिच्यापासून तीन हातांवर खुर्चीत, रांगेकडे तोंड करून बसलेले. तिचा पदर डोक्यावरून पडलेला. मला अजून कळलं नव्हतं, पण हमालांना कळलं. दोघांनी धावत येऊन माझ्या काखेत हात घातले आणि पोतं ओढावं तसं मला वर ओढलं. माझी एक चप्पल खालीच राहिली. ट्रकचा मागचा भाग धप्पकन ओट्यावर आदळला. जिथं माझी कंबर होती, तिथंच. ओट्याचा टवका उडाला.

मी ओट्यावर बसून होतो. एकाच पायात चप्पल. बाहेर हॉर्न थांबले होते. आत सगळी माणसं पट्ट्यावर, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे नाही, आप्पांकडे. सून भिंतीकडे वळली होती, पदर घट्ट ओढून. तिचे खांदे हालत होते.

आप्पांनी काठी टेकली आणि उठले. तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"वरडायचं तर मोठ्यानं वरड की गं, पोरी," ते म्हणाले. "येवढ्याशा आवाजानं साहेब गेला असता."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"आन् त्या पायाचं मनात धरू नगंस. मी तंबाखू मळत बसलो व्हतो, तू न्हाई. मला दिसलं न्हाई, तुला दिसलं. यापुढं दिसलं की सांगायचं. मला बी सांगायचं."

ती भिंतीकडेच तोंड करून होती. तशीच म्हणाली, "हाव, आप्पा."

सासऱ्याशी ती बोलली तो हा पहिला शब्द. मावशी तोंडाला पदर लावून रडायला लागली. हमालांपैकी दोघं उगाच नाकं पुसायला लागले. मी तर उघडउघड रडलो, माझ्या बापाच्या वेळीही असा रडलो नव्हतो. मला जगायला मिळालं होतं आणि ते त्या बाईनं दिलं होतं. तिला दोनदा गप्प केलेल्या माणसाला.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती आधी मला भरपूर बोलली, ठोकळ्यावरून, चहावाल्या ड्रायव्हरवरून, माझ्या आवाजावरून, आणि मग देवासमोर दिवा लावून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली जरीकाठाची साडी, खण, नारळ, तांदूळ घेऊन माझ्याबरोबर गोदामात आली. सगळ्यांसमोर सुनेची ओटी भरली. म्हणाली, "आजपासून तू माझी नणंद. माझं कुंकू तू राखलंस. अजून काय पायजे ते माग."

तिनं साडी कपाळाला लावली. मग डोक्यावरचा पदर नीट केला, आप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वैनी, साडी दिलीत, लई झालं. दादांना म्हणावं, मागच्या दाराला बी येक घमेलं टांगा. पाखडणाऱ्या बाया तिकडं बसतात. पुढचं वाजलेलं त्यांना ऐकू जात न्हाई."

आप्पा म्हणाले, "बरोबर बोलतीय."

मी बाजारात जाऊन नवं घमेलं आणलं. माझ्या हातानं मागच्या दाराला टांगलं, तार आवळली, सळई बांधली. ती आली. आवाज कुठवर जातो ते बघायला तिनं सळई उचलली आणि ठण्णकन एक दणका दिला.

सगळ्यात आधी मी पट्ट्यावर जाऊन उभा राहिलो.